‘रिटर्नल’ : पराभवातील रस

वाङ्मयचर्चेस वाहिलेल्या मासिकात एका व्हिडिओ गेमचे परीक्षण छापून यावे, हे पुष्कळ वाचकांस विचित्र वाटेल. कथा, कादंबरी, नाटक, फार तर चित्रपट, येथवर आपल्या समीक्षेची वेस. त्यापलीकडे सारा पोरखेळ, अशी सुशिक्षित घरांतील समजूत आहे. परंतु चित्रपटाविषयीही एके काळी हीच समजूत होती, आणि त्याहीपूर्वी ती कादंबरीविषयी होती. मुलाच्या किंवा सुनेच्या हाती कादंबरी दिसली की घरातील वडील माणसांच्या कपाळास आठ्या पडत. कादंबरीने पुढे आपले स्थान मिळविले ते वडील माणसे मऊ पडली म्हणून नव्हे. चांगली कोणती व वाईट कोणती हे सांगणारे वाचक निर्माण झाले म्हणून. ज्या करमणुकीत घरातील तरुण पिढी रात्रीच्या रात्री घालविते, तिला न पाहता नावे ठेवणे हे जसे समीक्षकाचे काम नव्हे, तसेच न पाहता तिची वाहवा करणे हेही नव्हे. आणि येथे पाहणे म्हणजे खेळणे. शेजारी बसून दुसऱ्याचा खेळ पाहणाऱ्यास त्याचे मर्म कळत नाही. पोहणाऱ्याकडे काठावरून पाहून पाण्याचा थंडावा कळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मी ज्या गावी राहतो ते बुटीबोरी नागपूरच्या दक्षिणेस, वर्ध्याचा व हिंगणघाटाचा रस्ता जेथे फुटतो तेथे आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची येथील वसाहत फार मोठी. कृत्रिम धागा, टायर, विजेच्या तारांचे मनोरे अशा नाना वस्तूंचे कारखाने येथे आहेत. रात्रपाळी करून पहाटे परतलेला तरुण दिवसा खिडकीस जाड पडदा लावून झोपतो, आणि उठल्यावर पुन्हा पाळीची वेळ होईपर्यंत मोबाइलच्या किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर काही तरी खेळत बसतो. त्याच गल्लीत स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी मुले राहतात. त्यांतील कित्येकांचा तिसरा, चौथा प्रयत्न चाललेला असतो. माझे विद्यार्थी ह्या दोन्ही वर्गांतून येतात, आणि त्यांचे वडील भेटले म्हणजे एक प्रश्न हमखास निघतो. एका कामगार गृहस्थांनी तो अगदी नेमक्या शब्दांत विचारला: “सर, पोरगं हारते, तरी पुन्हा तेच खेळते. त्याले त्यात भेटते तरी काय?” व्हिडिओ गेमवर मी जे काही परकीय लेखन वाचले आहे, त्यात ह्याहून चांगला प्रश्न मला आढळला नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे, मला साधेल तेवढे, उत्तर आहे.

उत्तरासाठी मी ‘रिटर्नल’ हा खेळ निवडला आहे. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील हाउसमार्क ह्या मंडळीने तो रचला, व ३० एप्रिल २०२१ रोजी तो प्लेस्टेशन ५ ह्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत तो संगणकावरही आला. ब्रिटिश चित्रपट अकादमीच्या २०२२ सालच्या खेळविषयक पारितोषिकांत त्यास सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळाला, आणि संगीत, ध्वनियोजना व नायिकेच्या आवाजाचा अभिनय ह्यांसाठीही त्याची निवड झाली. परंतु पारितोषिकांमुळे मी तो निवडला नाही. विज्ञानकल्पित साहस, कठीण लढाई आणि वारंवार होणारा पराभव ह्या तिन्ही गोष्टी त्यात एकमेकींपासून सुट्या करता येणार नाहीत अशा गुंफल्या आहेत, म्हणून निवडला.

कथानक असे आहे. सेलीन नावाची मध्यम वयाची अंतराळवीर स्त्री एका अज्ञात संकेताच्या मागे, वरिष्ठांची आज्ञा मोडून, ॲट्रोपॉस नामक ग्रहाकडे जाते. तिचे ‘हीलिऑस’ हे यान कोसळते. पाऊस, अंधार, पडक्या वास्तू, आणि झाडीतून चालून येणारे विचित्र प्राणी. ती लढते व मरते. आणि मरताच पुन्हा तेच यान, तसेच कोसळत असलेले, आणि ती त्याच चिखलात जागी होते. मधल्या काळात ग्रहाने आपली रचना मात्र बदललेली असते. ज्या दालनानंतर जे दालन होते ते आता तेथे नसते. हाती आलेली शस्त्रे, जमविलेली नाणी, वाढविलेली शक्ती, सारे गेलेले असते. काही थोड्या वस्तू तेवढ्या जन्मोजन्मी टिकतात. पुढे जाता जाता सेलीनला वाटेत प्रेते आढळतात, आणि ती तिचीच असतात. त्या प्रेतांपाशी तिने पूर्वी केव्हा तरी नोंदविलेला, परंतु आता तिला न आठवणारा, आवाज ऐकू येतो. काही नोंदी शांत शोधकाच्या आहेत, काही वेडाच्या सीमेवरच्या आहेत, काहींत तिने ह्या ग्रहास आपले घर मानले आहे. स्वतःचीच स्मृती परक्या माणसाच्या पत्रासारखी वाचावी लागणे, ह्याहून भीषण कल्पना विज्ञानकथेत थोड्याच असतील.

ॲट्रोपॉस हे नाव ग्रीक पुराणातील तीन दैवदेवतांपैकी आयुष्याचा धागा कापणारीचे. आपल्याकडे सटवाई पाचव्या-सहाव्या दिवशी कपाळी लिहून जाते. ग्रीकांकडे तिघी बहिणी असून एक सूत कातते, दुसरी मापते व तिसरी कापते. येथे ग्रहाचे नावच कापणारीचे, पण धागा काही कापला जात नाही, हा ह्या नावातील विपर्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता लढाईविषयी. ह्या मंडळीची कसबाची परंपरा जुनी आहे. १९९५ साली स्थापन झालेल्या ह्या मंडळीने खेळघरांतील नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांच्या धर्तीवर अनेक खेळ केले. २०१३ चा ‘रेसोगन’ त्यांपैकी गाजलेला. परंतु खप भागेना, तेव्हा २०१७ साली ह्या मंडळीने आपल्या त्या आवडत्या प्रकारचा काळ संपल्याचे स्वतःच जाहीर केले. ‘रिटर्नल’ हा त्या पराभवानंतरचा खेळ असून जुन्या प्रकारचा जीव त्यात नव्या शरीरात वावरतो आहे. शत्रू सेलीनवर जे फेकतात त्या बंदुकीच्या अदृश्य गोळ्या नसतात. ते तेजस्वी, मंदगती गोलक असतात, आणि त्यांच्या रांगा, वर्तुळे, भिंती, पंखे होतात. अंगणातील ठिपक्यांची रांगोळी जिवंत होऊन आपल्यावर चालून यावी, तसे ते दृश्य दिसते. ह्या रांगोळीतील मोकळ्या जागा डोळ्याने हेरून त्यांतून निसटावयाचे. एका कळीने सेलीन क्षणभर झेप घेते. त्या झेपेच्या मध्यभागी तिला इजा होत नाही, म्हणून भिंत जवळ आली असता मागे पळण्यापेक्षा तिच्यातून पुढे घुसणे हाच उपाय ठरतो. नवशिक्याची पाठ फिरते व तो मरतो. भयाकडे तोंड करून झेप घेण्याची सवय अंगी मुरली, म्हणजे तो जगू लागतो.

इजा न होता तीन शत्रू पडले की सेलीनचे अवधान एका पायरीने चढते, आणि अशा पाच पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर तिला काही नवे बळ मिळते, आणि एकच प्रहार लागला की सर्व पायऱ्या उतरून ती शून्यावर येते. शस्त्र पुन्हा भरतानाही अचूक क्षणी कळ दाबली तर ते झटकन भरते, चुकली तर काही काळ अडकून पडते. अर्थात नुसती बोटांची चपळाई येथे पुरत नाही, लय लागते. तबल्याच्या साथीत समेवर येण्याची जी ओढ असते तशीच काहीशी ओढ येथे हातास लागते. आमच्या विदर्भात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून मल्लखांब, लाठी, कुस्ती ह्यांची परंपरा जतन केली. तेथील उस्ताद नवशिक्यास प्रथम पडावे कसे हे शिकवितात, असे मी तेथे शिकलेल्या मंडळींकडून ऐकले आहे. ‘रिटर्नल’चा पहिला धडाही पडण्याचाच आहे. पहिला महारक्षक फ्रायकी (ग्रीक भाषेत ह्या शब्दाचा अर्थ अंगावर येणारा शहारा) मला जिंकण्यास उन्हाळ्याच्या सुटीतील बारा दिवस लागले. ह्या बारा दिवसांत सेलीनजवळची साधने मुळीच वाढली नाहीत. वाढली ती पडद्याच्या अलीकडे बसलेल्या माणसाची दृष्टी.

येथे मराठी वाचकास न. चिं. केळकर आठवल्यावाचून राहणार नाहीत. १९२१ साली बडोद्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी वाङ्मयानंदाची उपपत्ती ‘सविकल्प समाधी’ ह्या शब्दांनी मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपले स्वतःचे भान पूर्णपणे सोडीत नाही, आणि ह्या दुहेरी अवस्थेत त्याचा आनंद आहे, असा तिचा सारांश. नाटकातील नायक मेला म्हणजे प्रेक्षक ‘तो मेला’ म्हणून डोळे पुसतो. खेळात सेलीन मेली म्हणजे खेळणारा काय म्हणतो? ‘ती मेली’ असे कोणीही म्हणत नाही. आमच्या गल्लीतील मुले म्हणतात, ‘मेलो ना यार!’ व्याकरणातील हा प्रथमपुरुष फार बोलका आहे. तादात्म्य येथे नाटकाहून अधिक पक्के, कारण कृती आपल्याच बोटांची. मग केळकरांच्या सूत्रातील ‘विकल्प’ कोठे गेला? पुष्कळशा लोकप्रिय खेळांत तो खरोखरच नाहीसा होतो. नाणी खळखळत पडतात, पायऱ्या आपोआप चढतात, दर दोन मिनिटांस शाबासकी मिळते, आणि तास-दोन तास कसे गेले हे कळत नाही. ती समाधी नव्हे, गुंगी आहे. आणि पालकांस जे भय वाटते ते ह्या गुंगीचे असेल, तर ते भय अगदी रास्त आहे.

कठीण खेळाचे वैशिष्ट्य असे की तो ही गुंगी टिकू देत नाही. मृत्यू येतो आणि ‘मी’ फुटून दोन होतात: एक चिखलात पडलेली सेलीन, दुसरा खुर्चीत बसलेला, घाम पुसणारा माणूस. आता हा दुसरा विचार करू लागतो. कोठे चुकले? डावीकडून येणारी रांग मी पाहिलीच नाही काय? जे परजीवी अंगास चिकटवून घेतले (हे प्राणी एक लाभ देतात व एक उपद्रव देतात) ते घ्यावयास हवे होते काय? ह्या प्रश्नांच्या काळात तो प्रेक्षक असतो. पुन्हा झेप घेताना तो पात्र होतो. पराभव हा येथे विकल्पाचा दरवाजा आहे. म्हणून माझे मत असे आहे की काठिण्य हे ह्या कलाप्रकाराच्या भोवतीचे कुंपण नसून, ज्या थोड्या साधनांनी हा प्रकार गुंगीतून कलेकडे येऊ शकतो त्यांपैकी ते एक आहे. सर्वच कठीण खेळ ह्यामुळे थोर ठरतात असे मात्र नव्हे. काठिण्यास काही अर्थ चिकटला पाहिजे. तो चिकटला नाही तर ते केवळ कष्ट.

‘रिटर्नल’मध्ये तो अर्थ कसा चिकटतो ते पाहू. तीन प्रदेश ओलांडून, तिसरा महारक्षक नेमेसिस ह्यास जिंकल्यावर, सेलीनला शोधण्यास पृथ्वीवरून यान येते. तिची सुटका होते. तिचा सत्कार होतो. ती वृद्ध होते, आणि शय्येवर मरण पावते. खेळणाऱ्याने कित्येक रात्री ज्यासाठी घालविल्या तो शेवट त्याच्या पदरी पडला, असे वाटते. आणि त्याच क्षणी ती पुन्हा त्याच ग्रहावर जागी होते. एक सबंध आयुष्य, तेही सुखाचे, ह्या फेऱ्यातील आणखी एक वळसा ठरते. हा प्रसंग कादंबरीत वाचला असता तर चमत्कृती वाटली असती. येथे तो छातीवर आघात करतो, कारण ते यान येण्यासाठी आपण स्वतः राबलेलो असतो.

येथेच ह्या खेळाचे खरे मर्म आहे. आपण जितके तरबेज होतो तितकी सेलीन मुक्त होत नाही. उलट अधिक खोल उतरते. पहिल्या जंगलात विसाव्या शतकातील एक घर उभे आहे. त्यात गेले म्हणजे शस्त्र चालत नाही. मुलाची खोली, खेळणी, दारावरची थाप, आणि जुन्या चांद्रमोहिमांच्या काळातील पोशाख घातलेली एक आकृती. चौथ्या प्रदेशात एका उंच मनोऱ्यावर चढताना दुरून वाद्याचे सूर ऐकू येतात, चढता चढता ते मोठे होतात, आणि शिखरावर हायपेरिऑन एक प्रचंड ऑर्गन वाजवीत बसलेला आढळतो. शेवटचा प्रदेश पाण्याखालचा. तेथवर पोहोचल्यावर हळूहळू उमगते की हा ग्रह बाहेरचा नाहीच: पुलावरून पाण्यात गेलेली मोटार, मागे राहिलेले मूल, आईशी न मिटलेले भांडण, ह्या सर्वांचा तो परिपाक आहे. सेलीनला परत आणणारी शक्ती दुसरी तिसरी कोणी नसून, जे आठवावयाचे नाही त्याच्याकडेच पुन्हा पुन्हा ओढणारे तिचे मन आहे.

आता शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून आपणांस एक धडा कायम मिळत आला आहे: कोळी सात वेळा पडला, आठव्यांदा चढला, प्रयत्नांती परमेश्वर. कठीण खेळांची तरफदारी करणारे बहुतेक लोक हाच धडा पुढे करतात की, पाहा, मुलांना चिकाटी शिकावयास मिळते. मला हे समर्थन अपुरे वाटते, आणि ‘रिटर्नल’च्या बाबतीत तर उलटे वाटते. सेलीनजवळ चिकाटीची वाण मुळीच नाही. तिची चिकाटी हाच तिचा तुरुंग आहे. खेळणाऱ्यास पुन्हा प्रयत्न करावयास लावून हा खेळ त्याला अखेरीस विचारतो की, तू परत का येतोस? ज्ञान वाढले म्हणून, की थांबणे जमत नाही म्हणून? चौथ्या प्रयत्नाची तयारी करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघांशी मी ह्या खेळाविषयी बोललो, तेव्हा त्यांतील एक बराच वेळ गप्प राहिला व मग म्हणाला, “सर, हरल्यावर आपण काय शिकलो हे सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं, तर तो प्रयत्न नव्हे, नुसता फेरा आहे.” प्रयत्न व फेरा ह्यांतील हा भेद त्याने खेळातून काढला की आयुष्यातून, हे मी विचारले नाही.

ह्या ठिकाणी आपल्या घरची एक कथा जवळची आहे. विक्रम राजा वेताळास खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगून प्रश्न टाकतो, राजा बोलतो, आणि वेताळ पुन्हा झाडावर. युरोपीय समीक्षक अशा वेळी सिसिफसचे नाव घेतात, आणि ‘रिटर्नल’च्या कर्त्यांनीही २०२२ च्या मार्चमध्ये जोडलेल्या अंतहीन मनोऱ्यास सिसिफसचेच नाव दिले. परंतु सिसिफसचा धोंडा दर वेळी तोच असतो, आणि चढणाऱ्यास त्यातून काही नवे कळत नाही. विक्रमाचा प्रत्येक फेरा निराळी गोष्ट घेऊन येतो, आणि तो परत जातो तो आपल्या दुबळेपणामुळे नव्हे, उत्तर ठाऊक असल्यामुळे. ज्ञानच त्याला परत पाठविते. सेलीनचा फेरा ह्या दुसऱ्या जातीचा आहे, असे मला वाटते. प्रत्येक मृत्यूबरोबर तिच्या गतायुष्याचा एक तुकडा उघडतो, आणि तो तुकडाच तिला पुढच्या फेऱ्यात लोटतो.

आपल्याकडच्या प्रयत्नांशी तुलना केल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स मंडळीचा ‘राजी’ २०२० साली प्रसिद्ध झाला. लोकांकडून वर्गणीरूपाने भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता; तरीही मंडळीने तो तडीस नेला, ही गोष्ट गौरवाची आहे. भाऊ गोलू ह्यास शोधणारी राजी, तिला बळ देणारी दुर्गा, राजस्थानी महाल, लघुचित्रांची रंगसंगती, छायाबाहुल्यांनी सांगितलेली कथा: डोळ्यांस हा खेळ फार सुखवितो. परंतु त्यात लढाई एकीकडे व अर्थ दुसरीकडे राहतो. पुराणकथा भिंतीवरील चित्रांत आहे, देवतांच्या संभाषणात आहे. राजीच्या त्रिशूळाच्या प्रहारात ती नाही. राजी मरते तेव्हा काहीच घडत नाही, आपण थोडे मागून पुन्हा सुरू करतो. पुण्याच्याच सुपरगेमिंग मंडळीचा ‘इंडस’ २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मोबाइलवर आला. सिंधुसंस्कृती अवकाशयुगापर्यंत टिकली असती तर काय झाले असते, अशा धर्तीचे त्याचे विज्ञानकल्पित विश्व. कल्पना उमदी आहे. पण एकाच बेटावर उतरून शेवटचा उरेल तो विजयी, हा त्याचा साचा परका व ठरीव. तेथे मृत्यू म्हणजे केवळ बाहेर पडणे. नेपथ्य भारतीय झाले, संविधानक भारतीय झाले नाही.

जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली व ती पहिली आली. मराठी विज्ञानकथेची नवी वाट तेथून रुंद झाली. त्या कथांचे यश नावे मराठी होती एवढ्यात नव्हते. विज्ञानातील एखादे तत्त्व हेच कथेचे सांधे फिरविते, ते काढून घेतले तर कथा उभी राहत नाही, ह्यात होते. खेळाच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. फिनलंडच्या मंडळीजवळ स्वतःचे ‘कालेवाला’सारखे महाकाव्य असता त्यांनी ग्रीक नावे घेतली, म्हणून त्यांचा खेळ परका ठरत नाही, मृत्यू व पुनरागमन हे तत्त्व त्यांनी खेळाच्या हाडांत मुरविले. ज्या देशात जन्ममरणाचा फेरा ही कल्पना पाळण्यापासून कानी पडते, तेथील कारागिरांस हे सुचू नये, ह्याची मला खंत वाटते.

ह्या खेळातील दोष आता सांगतो, कारण ते किरकोळ नाहीत. पहिला, दैवाचा वाटा. कोणत्या फेऱ्यात कोणते शस्त्र हाती येईल हे नशिबावर असते. कधी सुरुवातीसच असे शस्त्र मिळते की अर्धी लढाई जिंकली, कधी शेवटपर्यंत काहीच धड मिळत नाही. थोडा दैवयोग कथेस साजतो, पण कसबाच्या परीक्षेत त्याचे प्रमाण येथे थोडे जास्त झाले आहे. दुसरा, काळाची उधळपट्टी. एक फेरा कधी दोन-दोन तास चालतो. आरंभी तो मध्येच थांबवून ठेवण्याची सोयच नव्हती. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये लोकांच्या तक्रारींनंतर ती आली. ज्याला आठ तासांची पाळी आहे त्याच्या दृष्टीने हा दोष सौंदर्यशास्त्राचा नसून न्यायाचा आहे. बुटीबोरीच्या मे महिन्यात ऐन लढाईत वीज गेली की फेरा गेला. ह्या मृत्यूस मात्र कोणताही अर्थ चिकटत नाही.

तिसरा दोष ह्याच न्यायाशी संबंध असलेला. खेळ सोपा करून घेण्याचा मार्ग येथे ठेवलेला नाही. ज्याच्या बोटांस व्याधी आहे, ज्याची नजर मंद झाली आहे, त्यास दार बंद. काठिण्य हाच अर्थ असेल तर ते कमी कसे करावे, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर इतर खेळांनी दिले आहे. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये डोंगर चढणाऱ्या मुलीची कथा अशीच कठीण आहे, परंतु ज्यास हवे त्याने वेग मंद करून घ्यावा अशी मुभा आहे. २०२० च्या ‘हेडीझ’मध्ये प्रत्येक मृत्यूगणिक नायकाची सहनशक्ती थोडी वाढविणारी सवलत मागता येते. दोन्ही खेळांचा अर्थ त्यामुळे उणावला असे कोणी म्हटलेले मला माहीत नाही. ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे काठिण्य असले तरी ते काठिण्यच. तालमीत मुलास व पहिलवानास एकच वजन कोणी देत नाही.

चौथा दोष वाङ्मयीन आहे. कथेचे तुकडे इतके विखुरले आहेत, आणि शेवटचे सत्य इतके धुक्यात ठेवले आहे की, एका आईचे दुःख हे कोडे सोडविण्याची सामग्री होऊन बसते. गूढता व संदिग्धता ह्यांत भेद आहे. घराच्या प्रसंगांत गूढता आहे; अखेरच्या अंकात, सहा प्रदेशांतून सहा तुकडे गोळा करावयास लावून, कर्त्यांनी संदिग्धतेवर वेळ काढला आहे. सेलीनचे दुःख जेथे तिच्या आवाजात ऐकू येते तेथे ते आपले होते. जेथे ते संग्राह्य वस्तूंत वाटले जाते तेथे ते दूर जाते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी हे यंत्र ४९,९९० रुपयांस विक्रीस आले, आणि हा खेळ आला तेव्हा त्याची किंमत ४,९९९ रुपये होती. एवढा पैसा खर्च करण्याची शिफारस मी कोणत्याही कुटुंबास करणार नाही. ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी मात्र हा खेळ मुलांच्या माथी मारू नये व त्यांच्यापासून लपवूही नये. वयात आलेल्या मुलामुलींबरोबर बसून पाहावा, आणि जमल्यास एकदा कंट्रोलर स्वतःच्या हाती घ्यावा. आपण तिसऱ्या मिनिटास मरतो हे मुलांनी पाहिल्याने घरातील वडीलकीस फारसा धक्का बसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

त्या कामगार गृहस्थांच्या प्रश्नास आता उत्तर देता येईल. पोराला त्यात काय भेटते? वाईट खेळ असेल तर गुंगी भेटते, आणि ती सोडविलीच पाहिजे. चांगला, कठीण खेळ असेल तर आपला पराभव जवळून पाहण्याची जागा भेटते. कारखान्यात चुकल्यास पगार कापला जातो, परीक्षेत चुकल्यास वर्ष जाते. चूक न्याहाळण्यास दोन्हीकडे उसंत नसते. येथे ती आहे. ह्या जागेचा त्याने काय उपयोग केला हे कळण्यासाठी, तो किती तास खेळला हे मोजून भागणार नाही. खेळून उठल्यावर त्याला विचारावे: आज कशामुळे हरलास? ज्याला ह्याचे उत्तर देता येते त्याचा वेळ वाया गेला असे मी म्हणणार नाही. ज्याला देता येत नाही, त्याच्याजवळ बसण्याची मात्र वेळ आली आहे.